चार ट्रॅकांची कॅसेट: कुठलं यंत्र घ्यावं?

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’चं नाव निघाल्याशिवाय या यंत्रांची चर्चा पुढे सरकत नाही, तेव्हा ते आधीच घेऊन टाकू. जानेवारी १९८२, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं कोल्ट्स नेक गाव, घरातली झोपायची खोली, टीॲक कंपनीचा १४४ हा चार ट्रॅकांचा कॅसेट रेकॉर्डर आणि शुअरचे दोन एसएम५७ माइक. गाणी खरं तर बँडला ऐकवायचा कच्चा नमुना म्हणून केलेली. मग स्टुडिओत बँडसोबत ती पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटमध्ये जे होतं ते तिथे येईना, आणि शेवटी सप्टेंबरमध्ये ती कॅसेटच तबकडी होऊन बाजारात आली. तेव्हापासून घरी कॅसेटवर गाणं रेकॉर्ड करू पाहणारा प्रत्येक जण हा दाखला खिशात घेऊन फिरतो.

खरेदीच्या दृष्टीने मात्र हा दाखला फसवा आहे. त्या अल्बमचा जो लांबून आल्यासारखा, ओसाड आवाज आहे तो एकट्या १४४ चा नाही. चार ट्रॅक एकत्र करताना ते एकोप्लेक्स या प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढले आणि उतरवले एका साध्या पॅनासॉनिक बूमबॉक्सवर. पुढे त्या कॅसेटवरून तबकडीची मूळ प्रत कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. म्हणजे ‘नेब्रास्का’सारखा आवाज हवा म्हणून कुणी आज जुना १४४ शोधत असेल, तर तो निम्म्याच साखळीचे पैसे मोजतोय. आणि तसं गाता येणं ही वेगळीच बाब.

यंत्राची करामत तशी साधी. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमधली टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद. स्टिरिओ कॅसेटमध्ये तिच्यावर चार पट्टे असतात, दोन ‘ए’ बाजूचे आणि दोन ‘बी’ बाजूचे. टीॲकने १९७९ मध्ये चारही पट्टे एकाच दिशेने लिहिणारं-वाचणारं हेड बसवलं, शेजारी छोटा मिक्सर जोडला आणि त्याला ‘पोर्टास्टुडिओ’ नाव दिलं. लिहिणारं आणि वाचणारं हेड एकच असल्यामुळे पहिल्या ट्रॅकवरची गिटार ऐकत दुसऱ्यावर गायलं तरी दोन्ही एकमेकांशी नेमके जुळतात. मोठ्या रीळ-टेपच्या यंत्रांत लिहिण्याचं आणि वाचण्याचं हेड वेगळं असे. तिथे हे जमवायला खास सोय करावी लागे. कॅसेटमध्ये ती आपोआप साधली.

‘बीटल्सनीसुद्धा सार्जंट पेपर चार ट्रॅकांवरच केला’ हे वाक्यही विक्रेते फार प्रेमाने वापरतात. खरं आहे ते. पण ॲबी रोड स्टुडिओतल्या स्टुडर जे३७ यंत्राची टेप एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर रुंद होती, आणि ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावायची. आपली कॅसेट तिच्या सातव्या हिश्शाहून थोडी जास्त रुंद आणि साधारण गतीला सेकंदाला ४.८ सेंटिमीटर धावणारी. ट्रॅकांची संख्या एकच. चुंबकीय कणांची श्रीमंती मात्र कुठल्या कुठे.

या अरुंद टेपवर जगायचं असेल तर गती हा पहिला प्रश्न. माझ्या मते कंपनीच्या नावाआधी विचारायचा तो हाच. काही यंत्रं घरच्या टेपरेकॉर्डरच्याच ४.८ गतीने चालतात, काही तिच्या दुपटीने, ९.५ ने. टीॲक १४४ दुप्पट गतीचा होता. त्याचा वारस २४४, पुढे टास्कॅमचा ४२४ (टास्कॅम ही टीॲकचीच व्यावसायिक शाखा), यामाहाचे एमटी१२० आणि एमटी४एक्स यांतही दुप्पट गती आहे. फॉस्टेक्सचा १९८३ मधला एक्स-१५ आणि टास्कॅमचा पोर्टा वन ही मात्र ४.८ वाली मंडळी. बॅटरीवर चालणारी, हलकी, स्वस्त. दुप्पट गतीला टेपची सळसळ कमी होते, वरचे स्वर जास्त मोकळे राहतात आणि आवाजाचं थरथरणंही घटतं. सतारीची किंवा तानपुऱ्याची जवारी, झांजेचा झणकार, गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’ची धार, हे सगळं वरच्या पट्टीत राहतं आणि मंद टेपवर आधी तेच बोथट होतं. गती दोन असतील तर एक गंमतही फुकट मिळते: मंद गतीवर वाजवलेलं जलद गतीवर ऐकलं की बरोबर एक सप्तक वर जातं.

याची किंमत टेपच्या लांबीत चुकवायची. चारही पट्टे एकाच दिशेला खर्च होत असल्यामुळे ‘बी’ बाजू नावाची चीज उरत नाही, आणि दुप्पट गतीला साठ मिनिटांची कॅसेट फक्त पंधरा मिनिटं चालते. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला हे पुरेसं आहे. विलंबित ख्याल निवांत मांडायचा असेल तर हे यंत्रच चुकीचं. उलटून घातलेली कॅसेट वाजते, पण उलटी वाजते, आणि पहिला ट्रॅक चौथ्या जागी जातो. उलटी गिटार हवी असेल तर ती अशीच करतात.

दुसरा प्रश्न सळसळ दाबणाऱ्या सर्किटचा, आणि इथे दोन घराणी आहेत. फॉस्टेक्सने बहुतेक डॉल्बी वापरलं, एक्स-१५ मध्ये डॉल्बी बी आणि वरच्या यंत्रांत डॉल्बी सी. टास्कॅमने २४४ पासून डीबीएक्स घेतलं, यामाहानेही तेच. डॉल्बी बी फक्त वरच्या स्वरांत काम करतं आणि सळसळ सुमारे १० डेसिबलने उतरवतं. सी सुमारे २०. डीबीएक्स संपूर्ण आवाजाचा चढ-उतार रेकॉर्ड करताना निम्म्यावर दाबतं, ऐकताना पुन्हा दुप्पट उलगडतं, आणि सळसळ ३० डेसिबलपर्यंत खाली नेतं. आकड्यांत डीबीएक्स सहज जिंकतं. शांत ट्रॅकवर तर टेप चालू आहे की नाही अशी शंका येते.

पण कानाला डीबीएक्सची एक खोड जाणवते. आवाज आला की सळसळही त्याच्यासोबत वर येते आणि आवाज विरला की खाली जाते. यंत्र श्वास घेतंय असं वाटतं. भरगच्च गिटारीत ती लपून जाते. डग्ग्याचा एकटा घुमारा घ्या: खाली खर्ज, वर काहीच नाही, म्हणजे सळसळ झाकायला कुणी नाही. प्रत्येक घुमाऱ्यामागे हवेची झुळूक ऐकू येते. पियानोच्या एकेकट्या स्वरांचंही तेच. यावर उपाय म्हणजे तबल्याचा ट्रॅक एकटा न ठेवता त्याच ट्रॅकवर दुसरं, वरच्या स्वरांचं काहीतरी मिसळून घेणं, किंवा डॉल्बी सी असलेलं यंत्र पाहणं. माझा कौल तरीही डीबीएक्सकडे झुकतो, कारण सळसळीचा खरा त्रास पहिल्या रेकॉर्डिंगला होत नाही, बाउन्स करताना होतो.

बाउन्स म्हणजे भरलेले ट्रॅक मिसळून रिकाम्या ट्रॅकवर उतरवणं आणि मूळ जागा मोकळी करणं. याचं गणित मोठं गोड आहे. एक, दोन, तीन या ट्रॅकांवर तीन वाद्यं घ्या. ती चौथ्यावर उतरवताना सोबत एक वाद्य प्रत्यक्ष वाजवा: चौथ्यावर चार झाली. आता एक आणि दोन पुन्हा भरा, तिसऱ्यावर उतरवताना आणखी एक वाजवा: तिसऱ्यावर तीन. मग एक भरा, दुसऱ्यावर उतरवताना एक वाजवा: दोन. शेवटी पहिल्यावर एक. चार, तीन, दोन, एक, एकूण दहा वाद्यं, आणि कुठलंही वाद्य एकापेक्षा जास्त वेळा बाउन्स झालेलं नाही. १९८० च्या दशकातल्या जाहिरातींना ‘दहा ट्रॅक’ म्हणायचा मोह होई तो यामुळेच.

कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक बाउन्सला सळसळीची भर पडते, वरचे स्वर झिजतात, आणि मुख्य म्हणजे मिसळलेली वाद्यं पुन्हा वेगळी होत नाहीत. ढोलकी जरा मोठी झाली असं गाणं संपल्यावर कळलं तर ती मोठीच राहते. हार्मोनियमचा स्वर लांब ओढलेला असेल तर गतीतला बारीक डळमळाटही दुपटीने ऐकू येतो. त्यामुळे बाउन्स करायचाच असेल तर दुप्पट गती आणि डीबीएक्स ही जोडी असलेलं यंत्र घ्यावं. मंद गतीचं डॉल्बी बी यंत्र घेऊन दहा ट्रॅकांची स्वप्नं पाहू नयेत. उलट, एक गिटार, एक आवाज आणि वर दोन साथीचे सूर एवढाच संसार असेल तर बाउन्सची वेळच येत नाही आणि एक्स-१५ सारखं किरकोळ यंत्रही पुरतं. एलियट स्मिथने ‘रोमन कँडल’ हा १९९४ चा अल्बम चार ट्रॅकांवर घरीच केला. पी. जे. हार्वेने तर १९९३ मध्ये आपले चार-ट्रॅकी नमुनेच त्या नावाने प्रसिद्ध केले. दोन्ही ऐकताना वाद्यांची गर्दी आठवत नाही.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि मग पस्तावतं: एका वेळी किती ट्रॅक लिहिता येतात? चार ट्रॅकांचं यंत्र म्हणजे चारही एकदम लिहिणारं यंत्र असं नव्हे. १४४ आणि एक्स-१५ एका दमात दोनच लिहितात. २४४ ने चारही खुले केले, आणि ४२४ मध्येही ती सोय आहे. एकटा माणूस थर चढवत जाणार असेल तर दोन पुरे. पण गायक, पेटी, तबला एकत्र बसणार असतील आणि प्रत्येकाचा माइक वेगळ्या ट्रॅकवर हवा असेल तर चार एकदम लिहिणारंच यंत्र हवं. माइकच्या वाटाही मोजून घ्याव्यात. टास्कॅमच्या पोर्टा ०२ ला त्या दोनच आहेत. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा यांपैकी बहुतेकांत नसतो, म्हणून स्प्रिंगस्टीनसारखे साधे डायनॅमिक माइक चालवणं उत्तम.

मग आठ ट्रॅकांची कॅसेट का घेऊ नये? टास्कॅमचे २३८ आणि ४८८, यामाहाचा एमटी८एक्स असे पर्याय आहेत, आणि यंत्र म्हणून ते थक्क करणारे आहेत. त्याच ३.८१ मिलिमीटरवर आठ पट्टे! पण पट्ट्याची रुंदी निम्मी झाली की सळसळीच्या तुलनेत आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो, पट्ट्यांमधली मोकळी जागा आकसते, शेजारच्या ट्रॅकचा आवाज आत गळतो, आणि टेप किंवा हेड जराही तिरकं झालं तर नुकसान लगेच दिसतं. नवीन असताना हे निभावलं. पस्तीस वर्षं जुन्या यंत्रात एवढ्या बारीक बंदोबस्ताची हमी कोण देणार? ज्याला खरोखर आठ ट्रॅक हवेत त्याला कॅसेट नको आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सान्सुईने सहा ट्रॅकांचीही कॅसेट यंत्रं काढली होती. ती आज संग्राहकांची चैन.

बाकीच्या सोयी भराभर. चुकलेली ओळ नेमक्या जागी पुन्हा गाण्यासाठी पंच-इन आणि त्याला पायाने दाबायचं बटण असावं, कारण दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. पिच कंट्रोल जवळजवळ सगळ्यांत असतो. पट्टी न बदलणाऱ्या पेटीशी आधीचं रेकॉर्डिंग जुळवताना तो देवासारखा धावून येतो. एका ट्रॅकवर सिंक्रोनायझेशनचा सूर लिहून ड्रम मशिन आणि सिक्वेन्सर जोडण्याची युक्ती तेव्हा फार वापरात होती, आता तिच्यासाठी यंत्र निवडण्याची गरज नाही. टेपमधले चारही ट्रॅक मागच्या स्वतंत्र जॅकमधून बाहेर काढता येतात का, हे मात्र नक्की बघावं. ४२४ ला अशा चार जॅक आहेत. त्या असतील तर चारही ट्रॅक एकाच वेळी संगणकात उतरवता येतात. नसतील तर डावी-उजवीकडून दोन-दोन करून काढावे लागतात, आणि कॅसेटची गती दोन्ही वेळा तंतोतंत सारखी नसल्यामुळे गाणं मध्यावर पोचेपर्यंत तबला आणि गाणं एकमेकांपासून सरकलेले असतात.

हे झालं कागदावरचं. आजच्या खरेदीदाराला खरं तर मॉडेल निवडायचं नसतं, एकेक नग निवडायचा असतो. टास्कॅमने कॅसेटचे पोर्टास्टुडिओ बनवणं बंद केल्यालाही बराच काळ लोटला. आतले रबरी बेल्ट कित्येक नगांत वितळून डांबर झालेले असतात, टेप ओढणारा पिंच रोलर कडक होऊन चकाकत असतो, फेडर सरकवले की खरखरतात. बेल्ट बदलता येतो, रोलर बदलता येतो, फेडर साफ होतात. झिजलेलं चार ट्रॅकांचं हेड मात्र मिळणं अवघड, आणि नव्या स्वस्त कॅसेट प्लेअरमधली यंत्रणा इथे कामाची नाही. म्हणून विक्रेता ‘लाइट लागतो, टेप फिरते’ म्हणाला तर त्याला काडीचा अर्थ नाही. चारही ट्रॅकांवर एकेक करून रेकॉर्ड केलेला नमुना मागावा. पेटीचा षड्ज लांब धरून रेकॉर्ड केला की गतीचा डळमळाट लपत नाही. मग त्याच जागेवर शांतता रेकॉर्ड करावी आणि मागचा षड्ज पूर्ण पुसला गेला का ते ऐकावं. एक ट्रॅक दबका येत असेल तर हेड आधी अल्कोहोलने पुसून पाहावं. तरी दबकाच असेल तर सौदा सोडावा. फॉस्टेक्सच्या लहान यंत्रांसारखी खटक्याची बटणं असलेली यंत्रं इथे एका बाबतीत वरचढ ठरतात. साधा टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा जुना कारागीर ती उघडून समजू शकतो. मऊ बटणांची, आत मोटारने हलणारी यंत्रणा बिघडली तर सर्किटचा नकाशा लागतो.

भारतातून मागवणाऱ्याला आणखी एक सापळा. जपानी बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२० चं. थेट २३० वर लावलं तर धूर. अडॅप्टर असलेल्या यंत्रात मूळ अडॅप्टरशी सगळ्या बाबतींत, ध्रुवतेतही, जुळणारं दुसरं शोधता येतं. आतच ट्रान्सफॉर्मर असेल तर व्होल्टेज उतरवणारा वेगळा डबा घ्यावा लागतो. मोटार डीसी असल्यामुळे ५० की ६० हर्ट्झ याने गती बदलत नाही, एवढी चिंता नको.

कॅसेटही विचार करून घ्याव्यात. ही यंत्रं बहुतेक टाइप टू, म्हणजे क्रोमच्या जातीच्या टेपला लावलेली असतात, आणि आज नव्याने बनणारी बहुतेक टेप टाइप वन. म्हणजे जुना, न उघडलेला साठा शोधणं आलं. साठ किंवा नव्वद मिनिटांचीच घ्यावी; एकशेवीसची टेप इतकी पातळ की ती रोलरभोवती गुंडाळण्याची संधीच शोधत असते.

एवढी दगदग करून मिळतं काय, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर त्याला काय हवंय यावर ठरतं. फक्त टेपचा मऊ, थोडा दबलेला रंग हवा असेल तर संगणकावर रेकॉर्ड करा आणि तयार मिश्रण एखाद्या चांगल्या साध्या कॅसेट डेकवरून एकदा फिरवा. काम तिथेच संपलं. पडदा, माउस आणि अनंत ट्रॅकांपासून सुटका हवी असेल तर टास्कॅमचे डीपी मालिकेतले किंवा झूमचे छोटे डिजिटल रेकॉर्डर आहेत. ना बेल्ट, ना सळसळ. पण चार वाटा, बाउन्स करताना आधीच घ्यावे लागणारे निर्णय आणि हाताखाली फिरणारी टेप, हे सगळं मिळूनच ज्याला हवं आहे त्याने दुरुस्त केलेला ४२४ किंवा एमटी४एक्स घ्यावा. दोघांत भांडण लावण्यात अर्थ नाही, ज्याचं हेड कमी झिजलंय तो घ्या. बजेट कमी असेल आणि एकट्यानेच गाणार असाल तर एक्स-१५. १४४ आणि २४४ देखणे आहेत, वजनदार आहेत, पण आता चाळिशी ओलांडलेले आहेत. ते जवळ कारागीर असणाऱ्यांसाठी.

एक ग्राहक मात्र या सगळ्या तराजूबाहेरचा. ज्याच्याकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वी चार ट्रॅकांवर केलेल्या कॅसेट पडून आहेत आणि त्या जतन करायच्या आहेत, त्याने आवडीनिवडी बाजूला ठेवून आधी त्या कशावर केल्या होत्या ते शोधावं. डीबीएक्सवर केलेली टेप डॉल्बीच्या यंत्रावर चिरडल्यासारखी वाजते, ९.५ ची टेप ४.८ वर घोगरी होते. साध्या स्टिरिओ डेकवर घातली तर दोन ट्रॅक सरळ, आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन उलटे. त्याच गतीचं, त्याच घराण्याचं यंत्र मिळवावं, महिनाभरासाठी उसनं मिळालं तरी चालेल. आणि कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल तर ती आधी साफ करून घ्यावी. तशीच चालवली तर बुरशी हेडवर आणि पिंच रोलरवर बसते, आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते.